जीवनसत्त्वे व वार्धक्यातील पक्षाघात : एका मुंबईकर शोधाचा उत्तरार्ध

भिवंडीच्या यंत्रमागांवर आयुष्य वेचलेल्या कामगाराने उतारवयात पक्षाघात टाळण्यासाठी जीवनसत्त्वाची गोळी घ्यावी काय, हा प्रश्न वैद्यकाचा खरा. परंतु त्याच्या उत्तराची दिशा मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासात सापडते.

ल्यूसी विल्स 1928 मध्ये मुंबईस आल्या. गिरणीकामगार स्त्रियांना गरोदरपणी जडणारा एक प्रकारचा पांडुरोग यीस्टच्या स्वस्त अर्काने, म्हणजे मार्माइटने, बरा होतो, असे त्यांनी 1931 मध्ये दाखवून दिले. त्यातील गुणकारी द्रव्य ते फोलिक आम्ल होय. पालकाच्या पानांतून ते वेगळे काढल्यावर 1941 मध्ये 'फोलियम', म्हणजे पान, या लॅटिन शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. विल्स यांच्या यशाचे मर्म एवढेच की, आहारात जे उणे होते तेच औषधाने पुरविले गेले.

पुढे या आम्लाचा विचार पक्षाघाताच्या संदर्भात होऊ लागला. फोलिक आम्ल वा ब-12 कमी पडल्यास रक्तात होमोसिस्टीन वाढते, आणि त्या वाढीचा पक्षाघाताशी संबंध दिसून आला होता. तथापि चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे निघाले नाहीत. पूर्वी पक्षाघात होऊन गेलेल्या 3,680 रुग्णांच्या, मुख्यतः अमेरिकेतील चाचणीत (2004) मोठ्या मात्रेमुळे पुनराघात घटले नाहीत. उलट चीनमधील 20,702 रक्तदाबग्रस्तांच्या चाचणीत (2015) केवळ एनालाप्रिल घेणाऱ्यांपैकी 3.4 टक्के, तर जोडीला फोलिक आम्ल घेणाऱ्यांपैकी 2.7 टक्के लोकांना प्रथम पक्षाघात झाला. दोन्ही चाचण्यांतील रुग्ण भिन्न होते, हे खरे. पण अमेरिकेत 1998 पासून पिठातच फोलिक आम्ल मिसळणे सक्तीचे होते, चीनमध्ये नव्हते, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची. जेथे उणीव, तेथे लाभ, असेच यावरून दिसते.

महाराष्ट्रातील उणीव मात्र निराळी आहे. पुणे परिसरातील 441 मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत (2006) सुमारे दोन-तृतीयांशांत ब-12 कमी आढळले. अशा स्थितीत फोलिक आम्ल एकटेच दिल्यास पांडुरोग ओसरतो, परंतु मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते.

1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या ओसरल्या व भिवंडीच्या यंत्रमागांचे महत्त्व वाढले. तेथील वृद्ध कामगाराविषयीही प्रथम विल्स यांचाच प्रश्न विचारावयास हवा: याच्या शरीरात नेमके काय उणे आहे? रक्तदाबाचे नियमन आणि ब-12 ची तपासणी आधी. गोळीचा विचार त्यानंतर.