ठासणीच्या बंदुकीचे मळसूत्र

यवतमाळ जिल्ह्यात जंगलालगतच्या शेतांत ज्वारी भरू लागली की रोही आणि रानडुकरे यांचा उपद्रव वाढतो. त्यांना आवाजाने हुसकावण्यासाठी काही घरांनी वाडवडिलांची ठासणीची बंदूक परवान्यासह जपली. अशा बंदुकीची नळी शाबूत असते, दस्ता शाबूत असतो. नाहीसा झालेला असतो तो घोडा धरून ठेवणारा, करंगळीच्या पेराहून लहान असा स्क्रू. मालक हार्डवेअरच्या दुकानात जातो. दुकानदार डबे उपडे करतो. एखादा स्क्रू दोन फेरे आत जातो आणि अडतो. यात दुकानदाराचा दोष नाही. त्या मापाची वस्तू बाजारात कधी आलीच नव्हती.

पूर्वीचा कारागीर पोलादी पट्टीच्या भोकातून सळई पिळून तिच्यावर आटे पाडीत असे. पट्टी ज्याची त्याची, म्हणून मळसूत्रही ज्याचे त्याचे. या अडचणीतून सुटण्याची पहिली धडपड बंदुकीच्याच कारखान्यांत झाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. 1785 मध्ये फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ या कारागिराच्या सुट्या भागांच्या ढिगातून हाती येतील ते भाग उचलून थॉमस जेफरसनने स्वतः चापाची यंत्रे जोडून पाहिली. ती बिनचूक जुळली, आणि ही वार्ता त्याने पत्राने स्वदेशी कळवली. पुढे अमेरिकेच्या शस्त्रागारांत ही पद्धत रुजली. 1850 नंतरच्या दशकात इंग्लंडच्या एन्फिल्ड कारखान्याने अमेरिकेहून यंत्रे आणवून ती उचलली.

आट्यांना सर्वमान्य माप दिले ते मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थने, 1841 मध्ये. आट्याचा कोन 55 अंश. पाव इंच जाडीच्या स्क्रूला इंचामागे 20 आटे. याच गृहस्थाने पुढे षट्‌कोनी नळीची रायफलही बनवली. सैन्याने ती सर्रास स्वीकारली नाही, पण त्याचे मळसूत्र ब्रिटिश यंत्रांबरोबर जगभर पसरले. आमच्या वऱ्हाडातही ते आले. यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरला नेणाऱ्या 'शकुंतला' या अरुंद गाडीचे 1921 साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन 1994 पर्यंत धावत होते. दुकानदारही पाव इंचाला दोन सूत म्हणत आले. 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि सुताशेजारी मिलिमीटर बसला. दोन सूत म्हणजे 6.35 मिलिमीटर, नव्या 6 मिलिमीटरच्या स्क्रूचा कोन 60 अंश आणि आट्यांतले अंतर 1 मिलिमीटर. 1884 ची ब्रिटिश असोसिएशनची मापे आणखी फसवी. तिथल्या शून्य क्रमांकाच्या स्क्रूची जाडी 6 मिलिमीटर आणि अंतर 1 मिलिमीटर, पण कोन साडेसत्तेचाळीस अंश. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात.

बंदुका मात्र या शिस्तीबाहेर राहिल्या. एन्फिल्डसारखा सरकारी कारखानासुद्धा आपले खास आटे चालवीत राहिला; खासगी कारागिरांच्या बंदुकांची तर गोष्टच वेगळी. ज्या धंद्याने एकसारखेपणाचा ध्यास घेतला, त्याच धंद्यात वेगळेपण सर्वांत चिवट ठरले!

यात कायद्याचीही बाजू आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची खास तरतूद आहे; पण त्याच कायद्याने बंदुकीची दुरुस्ती विनापरवाना करता येत नाही. म्हणजे आटे पाडू शकणारा गावचा लोहार हात लावू शकत नाही आणि हार्डवेअरवाल्याकडे माप नाही. आमच्या मते हे बंधन योग्यच आहे. घोड्याचा स्क्रू ढिला राहिला तर बंदूक नुसती मुकी राहील. पण टोपी बसते ते निपल चुकीच्या आट्यांचे असेल, तर दारूचा भडका शेतकऱ्याच्या डोळ्यांवर येईल. शिवाय बळेच पिळलेला परका स्क्रू भोकातले जुने आटे खाऊन टाकतो, आणि मूळ माप सांगणारा अखेरचा साक्षीदारच नष्ट होतो.

परवानाधारक बंदूक-कारागीर लेथवर नवा स्क्रू कातून देतो. जुना स्क्रू, तुटका का होईना, जवळ असला तर त्यावरून तो आटे मोजतो. तो नसला तर भोकात मेण दाबून ठसा घ्यावा लागतो, आणि तेवढ्यात हंगाम निघून जातो.