दत्तविधान आणि बालकाचे नामांतर

बालकाचे नाव बदलणे ही आज कागदोपत्री पूर्ण होणारी गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी संस्थानांत मात्र ते बहुधा दत्तविधानाच्या निमित्ताने घडे. दत्तक गेलेला पुत्र जनक पित्याच्या गोत्रास व रिक्थास अंतरतो, हे तत्त्व मनुस्मृतीत आलेले आहे. गोत्र पालटले की आडनाव पालटणे क्रमप्राप्तच होते. परंतु राजकुळात मुलाचे पाळण्यातील नावही बदलले जाई. दत्तकाच्या वैधतेस हे दुसरे नामांतर आवश्यक नव्हते. मग त्याचे प्रयोजन काय?

निवडलेल्या नावांवरून या प्रश्नाचा उलगडा होतो. १८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर खंडेरावांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची अनुज्ञा मिळाली. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव २७ मे १८७५ रोजी दत्तक गेला व सयाजीराव झाला. हे नाव खंडेरावांच्या पित्याचे होते. नातवास आजोबाचे नाव ठेवण्याच्या रूढीस अनुसरून हा मुलगा नावानेच गायकवाडांच्या वंशावळीत बसविला गेला. कोल्हापुरातही असेच घडले. कागलकर घाटग्यांचा नऊ वर्षांचा यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी दत्तक जाऊन शाहू छत्रपती झाला. नवे नाव हा वारसाहक्काचा जाहीर उच्चारच होता.

तथापि असा उच्चार करणे एक आणि सार्वभौम सत्तेने तो मानणे दुसरे. झाशीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. गंगाधरराव नेवाळकर यांनी नोव्हेंबर १८५३ मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी आप्तांपैकी पाच वर्षांच्या आनंदरावास दत्तक घेतले व त्याचे नाव दामोदरराव ठेवले. गंगाधरराव आणि लक्ष्मीबाई यांच्या अल्पवयात निवर्तलेल्या पुत्राचे नाव तेच होते. विधी कंपनीच्या अधिकाऱ्यासमक्ष झाला होता. तरीही डलहौसीने १८५४ मध्ये संस्थान खालसा केले. हिंदू धर्मशास्त्रानुसार खाजगी मालमत्तेचा वारस म्हणून दामोदररावास मान्यता देण्यात आली; राज्याचा वारस म्हणून मात्र ती नाकारण्यात आली. एकाच नामांतराचा परिणाम घरात मान्य आणि गादीवर अमान्य, अशी ही विसंगती होती. १८५७ च्या उठावानंतर कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या, तेव्हा या धोरणाचा शेवट झाला. बडोदे व कोल्हापूर येथील दत्तविधाने या बदललेल्या काळातील होत.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने प्रत्यक्ष देणे-घेणे आवश्यक ठरविले. दत्तहोम अनिवार्य ठेवला नाही. दत्तविधानाच्या दिवसापासून मूल जनक कुटुंबातून तुटते. मात्र त्याच्या ठायी पूर्वीच निहित झालेली मालमत्ता त्याचीच राहते. अशा रीतीने, पूर्वी जे नावाने सुचविले जाई ते कायद्याने शब्दबद्ध केले.

तिन्ही प्रसंगांत नाव बदलले ते बालकाचे; प्रयोजन होते कुळाचे. गोपाळरावास व यशवंतरावास नव्या नावाबरोबर राज्य लाभले. आनंदरावास केवळ नाव लाभले. १९०६ साली तो निवर्तला तो दामोदरराव म्हणूनच. ज्या गादीसाठी हे नाव ठेवले गेले, ती त्यापूर्वी अर्धशतक नाहीशी झालेली होती.