स्टीव्ह पीट
स्टीव्ह पीट (जन्म १९७४) : इंग्लंडमधील शेफील्ड परिसरातील माजी व्यावसायिक डाउनहिल सायकलपटू. 'डाउनहिल' म्हणजे डोंगरउतारावरच्या खडकाळ वाटेवर स्पर्धकांना एकेक करून सोडून, ज्याला सर्वांत कमी वेळ लागेल त्याला विजयी ठरवणारी शर्यत. हंगामभरातील शर्यतींच्या गुणांची बेरीज करून दिला जाणारा विश्वचषक पीटने २००२, २००४ आणि २००६ साली जिंकला असला, तरी एकाच धावेवर निकाल लागणाऱ्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्याला चार वेळा रौप्यपदकावरच समाधान मानावे लागले. अखेर २००९ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, कॅनबेरा येथे ०.०५ सेकंदाच्या फरकाने त्याने ते सुवर्णपदक मिळवले.