चैत्रातला दवणा

तुळशीला अंगणातलं वृंदावन मिळालं, दूर्वांना गणपती, बेलाला महादेव. दवण्याच्या वाट्याला मात्र अख्खा शुद्ध पक्ष आला. जुन्या धर्मनिबंधांनी चैत्रातल्या एकेका तिथीला एकेक देव नेमून दिला आणि त्या दिवशी त्याला दवणा वाहायला सांगितलं. तृतीयेला गौरी, चतुर्थीला गणपती, द्वादशीला विष्णू, त्रयोदशीला मदन, चतुर्दशीला महादेव. पंचांगात ‘दमनक चतुर्दशी’ अजून छापून येते, पण दुसऱ्याच दिवशी हनुमान जयंती असल्यामुळे तिच्याकडे लक्ष कुणाचं जाणार?

संस्कृतातल्या या दमनकाचं कूळ अग्निपुराण थेट शंकराच्या रागाशी नेऊन भिडवतं. त्या कोपातून भैरव जन्मला आणि त्याने देवांनाच जेरीस आणलं. शंकराने शाप दिला, ‘झुडूप होशील.’ मग नेहमीप्रमाणे राग ओसरला आणि उःशापही मिळाला, की तुझ्या पानांनी जे पूजा करतील त्यांना पूजेचं पुरतं फळ मिळेल. ओडिशात जगन्नाथपुरीला वेगळीच कथा आहे. तिथे दमनक हा विष्णूने मारलेला दैत्य. तिथल्या उत्सवात देवाच्या चलमूर्ती मठाच्या बागेत जाऊन दवणा चक्क चोरून आणतात. मला ही चोरी शापापेक्षा जास्त आवडते.

दोन्ही कथा मागाहून जुळवल्या असाव्यात, असं मला वाटतं. दवण्याचं पीक पाहिलं की चैत्र का, ते कळतं. बी धुळीसारखं बारीक, त्यामुळे आधी वाफ्यात रोपं करायची. पेरणी पावसाळा सरल्यावर, कारण जोराचा पाऊस याला सोसत नाही. पुढे साधारण चार महिन्यांत, फाल्गुनाच्या सुमारास, झाड फुलावर येतं आणि वासही तेव्हाच भरात असतो. म्हणजे नवं वर्ष लागतं तेव्हा शेतात ताजा सुगंध तयारच असतो. तो देवाला वाहायचा हे आधी सुचलं असेल, आणि भैरव नंतर.

दवण्याची जुडी जवळून पाहावी. झाड जेमतेम गुडघाभर उंचीचं, पानं करडी-हिरवी, बारीक चिरलेली, अंगावर मऊ लव. फुलं म्हणजे पिवळ्या गुंड्याच, तीही इवल्याशा. चुरडलं की आधी पिकल्या फळासारखा गोड वास येतो आणि पाठोपाठ कडवटपणा. सुकला तरी हा वास टिकतो, म्हणून हारात, वेणीत आणि गजऱ्यात दवण्याला मान.

आपल्याकडे दवण्याची खरी पेठ भरते ती कोल्हापूरजवळ वाडी रत्नागिरीला, जोतिबाच्या डोंगरावर. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत सासनकाठ्या नाचतात, ‘चांगभलं’चा गजर होतो, गुलाल आणि खोबरं उधळलं जातं आणि देवाला दवणा वाहिला जातो.

औषधातही दवणा जुनाच. भावप्रकाशाने त्याला फुलांच्या वर्गात घातलं आणि कडू-तुरट, हृद्य, कंड आणि त्वचेच्या विकारांवर उपयोगी असे गुण सांगितले. मधुमेहावरही तो घेतात. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच्या अर्काने मधुमेही उंदरांची साखर उतरलेली दिसली. उंदरांची, हे विसरून कुणी गोळ्या बंद करू नयेत.

दवण्याचं शास्त्रीय नाव आर्टेमिसिया पॅलेन्स. याच कुळातल्या एका चिनी वनस्पतीने हिवतापाचं औषध दिलं. संशोधक तू यूयू यांना चौथ्या शतकातल्या को होंग यांच्या ग्रंथात ती थंड पाण्यात भिजवून पिळण्याची कृती सापडली आणि उष्णतेने औषध वाया जात असावं, हे त्यांच्या ध्यानात आलं. 2015 साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणून आपला दवणाही हिवतापावर चालेल असं नाही; सख्ख्या भावंडांचेही गुण वेगळे निघतात.

बाजारात आज दवणा मोठा झाला तो तेलामुळे. फुलावर आलेलं झाड कापून थोडं सुकवतात आणि वाफेवर त्याचं तेल काढतात. हे पीक मुख्यतः दक्षिणेत, विशेषतः कर्नाटकात होतं, आणि तेल परदेशी अत्तरांच्या कारखान्यांत जातं. एकच थेंब प्रत्येकाच्या अंगावर निराळा दरवळतो, असं अत्तरवाले सांगतात.