लाकडी चमच्याचा मान

नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या घरांत पदवी हे तसे अलीकडचे लेणे आहे. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज स्थापन केले ते १९४७ साली आणि राहुरीला कृषी विद्यापीठ आले ते १९६८ साली. म्हणूनच झगा घातलेल्या पदवीधर मुलाचा फोटो आपल्या कित्येक घरांत येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी मानाने टांगलेला दिसतो. हा झगा आला कोठून? मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठे ख्रिस्तसभेच्या छायेत वाढली. तेथील गुरुशिष्य बहुधा धर्मसेवकवर्गात मोडत. त्यांचा लांब झगा आणि टोपडे हाच पुढे पदवीधराचा पोशाख झाला.

इंग्लंडच्या प्रवासात केंब्रिज येथे या वारशाचे दर्शन आम्हांस घडले. तेथील पदवीदान सिनेट हाउस या १७३० साली पूर्ण झालेल्या वास्तूत होते. प्रत्येक कॉलेजचा प्रतिनिधी आपल्या विद्यार्थ्यांना चौघाचौघांच्या गटाने पुढे आणतो. जत्रेत लेकराने बापाचे बोट धरावे, तसे ते चौघे त्याच्या उजव्या हाताचे एकेक बोट धरतात! मग एकेक जण गुडघे टेकून हात जोडतो. कुलगुरू ते हात आपल्या हातांत घेतात आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने लॅटिनमध्ये पदवी बहाल करतात. ज्यास हे शब्द नको असतील त्याच्यासाठी ते गाळण्याची सोयही आहे.

याच सभागृहात एके काळी आणखी एक विलक्षण प्रथा होती. गणिताच्या परीक्षेत पहिला वर्ग मिळविणाऱ्यांस रँग्लर म्हणत आणि त्यांत पहिला तो सीनियर रँग्लर. १८९९ साली कोकणातील मुर्डी गावच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी जॉर्ज बर्टविसल यांच्या बरोबरीने हा मान मिळविला. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. पण यादीला जसा आरंभ, तसा शेवटही असतो. तिसऱ्या वर्गातील अगदी शेवटचा विद्यार्थी गुडघे टेकून बसला, की त्याचे सोबती वरच्या सज्जातून दोरीला बांधलेला भलामोठा लाकडी चमचा त्याच्यापुढे सोडीत. सारे सभागृह हसे. अखेरचा चमचा १९०९ साली परांजप्यांच्याच सेंट जॉन्स कॉलेजमधील होल्टहाउस नामक विद्यार्थ्यास मिळाला. तो चक्क नावेच्या वल्ह्याचा केलेला होता. त्यानंतर क्रमवार यादीच बंद झाली आणि तिच्यासह चमचाही गेला.

यातील गंमत अशी, की तो 'शेवटचा' विद्यार्थीही ऑनर्सचा असे. साधी पदवी घेणारे कितीतरी जण त्याच्या मागे असत, पण त्यांस कोणी हसत नसे.

शिवाय काहींना तर यादीतही खरे स्थान नव्हते. १८९० साली फिलिपा फॉसेट या तरुणीचे गुण सीनियर रँग्लरपेक्षाही अधिक भरले, तरी तिला पदवी मिळाली नाही. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ साली. कॅथलिक तरुणांनाही तेथे जाण्यास रोमची मोकळीक मिळाली ती १८९५ साली, म्हणजे परांजप्यांच्या यशापूर्वी अवघी चार वर्षे.

वाचकहो, आपल्याकडे कोणी लाकडी चमचा देत नाही. पण निकालाच्या दिवशी शेजारच्या मुलाचे टक्के सांगून आपल्या लेकराची मान खाली घालावयास लावणे, हे त्याच चमच्याचे दुसरे रूप नव्हे काय? धर्मग्रामातील सत्कारासाठी आपण पहिल्या तिघांची नावे पुकारतो. ती अवश्य पुकारावीत. परंतु ज्या घरात आजवर कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते, तेथील तिसऱ्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या मुलीचे नावही त्याच व्यासपीठावरून घेतले जावे. केंब्रिजला ही समज येण्यास १९०९ साल उजाडावे लागले. आपणांस तेवढा उशीर करण्याचे कारण नाही.