एक कुलूप, लाखो किल्ल्या

शरीरात शिरणाऱ्या प्रत्येक जंतूसाठी एक स्वतंत्र पेशी राखून ठेवलेली असते आणि ती अन्य कोणत्याही जंतूची दखल घेत नाही, अशी रोगप्रतिकारशक्तीविषयीची समजूत दीर्घकाळ रूढ होती. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या ‘क्लोनल सिलेक्शन’ सिद्धान्ताने तिला बळ दिले. त्या सिद्धान्ताचा गाभा आजही अबाधित आहे. मात्र ‘एक पेशी, एक प्रतिजन’ हे समीकरण टी-पेशींना लागू पडत नाही. एकाच टी-पेशीचा रिसेप्टर लाखो निरनिराळी प्रतिजने ओळखू शकतो. या गुणधर्माला ‘क्रॉस-रिअ‍ॅक्टिव्हिटी’ असे म्हणतात.

टी-पेशीला अख्खा विषाणू दिसत नाही. पेशीतील प्रथिनांचे लहान तुकडे, म्हणजेच पेप्टाइड, ‘एमएचसी’ या रेणूच्या खोबणीत बसवून पेशीच्या पृष्ठभागावर मांडले जातात. टी-पेशीचा रिसेप्टर हा रेणू आणि त्यातील तुकडा असे दोन्ही एकत्रच चाचपून पाहतो. हे दाखवून देणारे पीटर डोहर्टी व रॉल्फ झिंकरनागेल १९९६ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

आता थोडे गणित. प्रथिने २० प्रकारच्या अमिनो आम्लांपासून बनतात. नऊ अमिनो आम्लांच्या तुकड्याच्या शक्य रचना ५१ हजार २०० कोटी होतात. त्यातील शंभरातील एकच रचना खोबणीत बसते असे धरले, तरी ५१२ कोटी उरतात. याउलट, माणसाच्या शरीरातील वेगवेगळ्या टी-रिसेप्टरांची संख्या काही कोटींच्या घरात मानली जाते. प्रत्येक रिसेप्टर एकाच तुकड्यापुरता असता, तर बहुसंख्य जंतूंना शरीरात मोकळे रान मिळाले असते. ऑक्सफर्डचे डॉन मेसन यांनी १९९८ मध्ये याच तर्काने, एक रिसेप्टर सुमारे १० लाख पेप्टाइडना प्रतिसाद देत असावा, असा अंदाज वर्तविला. कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये एका मधुमेही रुग्णाच्या टी-पेशीवर प्रयोग करून तो खरा ठरविला. तिच्या रिसेप्टरने १० लाखांहून अधिक पेप्टाइड ओळखले.

हे साधते कसे? रिसेप्टरची टोके ताठ नसून लवचीक वेटोळ्यांची असतात. त्यांची पकडही प्रतिपिंडांच्या तुलनेत बरीच सैल असते. शिवाय तुकड्यातील सर्वच अमिनो आम्ले सारखी महत्त्वाची नसतात. वर उल्लेखिलेल्या पेशीचे मूळ लक्ष्य इन्सुलिनच्या पूर्वप्रथिनाचा १० अमिनो आम्लांचा तुकडा होता. एका जिवाणूच्या प्रथिनातील तुकडाही तिने ओळखला, नव्हे त्याला अधिक जोरदार प्रतिसाद दिला. दोन्ही तुकड्यांत मधली तीन आम्ले (ग्लायसिन, प्रोलिन व अ‍ॅस्पार्टिक आम्ल) समान होती आणि रिसेप्टरला मुख्यतः तेवढीच हवी होती.

या क्षमतेचे मूळ थायमस ग्रंथीत आहे. तेथे प्रत्येक टी-पेशीची परीक्षा शरीराच्या स्वतःच्याच पेप्टाइडवर घेतली जाते. घट्ट चिकटणाऱ्या पेशींचा सहसा नाश केला जातो, तर अगदीच न चिकटणाऱ्या मरून जातात; उत्तीर्ण होतात त्या हलकी ओळख दाखविणाऱ्या. म्हणजे परकीय जंतू ओळखण्याआधी टी-पेशीने ‘स्वकीय’ काही ओळखलेलेच असते. कोविडच्या साथीपूर्वी साठविलेल्या रक्तनमुन्यांपैकी सुमारे निम्म्यांत नव्या विषाणूला प्रतिसाद देणाऱ्या टी-पेशी अमेरिकेतील संशोधकांना २०२० मध्ये आढळल्या. साध्या सर्दीच्या कोरोना विषाणूंवर घडलेल्या काही पेशी त्यात होत्या.

मात्र हीच क्षमता उलटली, तर जिवावर बेतते. कर्करोगाच्या पेशींवरील ‘मेज-ए३’ प्रथिनाचा तुकडा अधिक घट्ट पकडावा म्हणून शास्त्रज्ञांनी एका रिसेप्टरमध्ये फेरफार केला. असा रिसेप्टर बसविलेल्या टी-पेशी अमेरिकेतील दोन रुग्णांना टोचण्यात आल्या. एकाला मेलॅनोमा, तर दुसऱ्याला मायलोमा होता. दोघेही काही दिवसांतच हृदय निकामी होऊन दगावले. त्यांच्या हृदयात मेज-ए३ सापडले नाही. हल्ला झाला होता तो हृदयाच्या स्नायूंतील ‘टायटिन’ या महाकाय प्रथिनाच्या तुकड्यावर. दोन्ही तुकड्यांतील नऊपैकी पाचच अमिनो आम्ले समान होती! आधीच्या चाचण्यांत हे उघड झाले नव्हते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासानुसार, प्रयोगशाळेत वाढविलेल्या, प्रत्यक्ष धडधडणाऱ्या हृदयपेशी वापरल्यावरच कारण हाती आले.

(मुंबईत आयआयटी व टाटा स्मारक रुग्णालयाने विकसित केलेला, २०२३ मध्ये मान्यता मिळालेला ‘कार-टी’ उपचार या प्रकारात मोडत नाही. त्यातील कृत्रिम रिसेप्टर प्रतिपिंडाच्या तुकड्यापासून घडविलेला असून त्याला एमएचसीची गरज लागत नाही.)

या दुर्घटनेनंतर फेरफार केलेल्या रिसेप्टरांची छाननी कडक झाली. लक्ष्य पेप्टाइडमधील एकेक अमिनो आम्ल बदलून रिसेप्टर कोणते बदल चालवून घेतो, हे पाहिले जाते. त्यावरून मिळणारा नमुना मानवी प्रथिनांच्या संपूर्ण यादीशी ताडला जातो. मेज-ए३ चाच भाऊबंद असलेल्या ‘मेज-ए४’ वरील टी-रिसेप्टर उपचाराला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये, सायनोव्हियल सार्कोमा या दुर्मीळ कर्करोगासाठी मंजुरी दिली.