रेझवर पुन्हा रेझ : पोकरमधल्या एका प्रश्नाचा इतिहास

पोकरच्या टेबलावर एक प्रसंग वारंवार येतो. तुम्हाला दोन पानं मिळाली, बरी वाटली, तुम्ही रक्कम वाढवली. समोरच्यानं ती तिप्पट-चौपट करून तुमच्याकडे परत ढकलली. मधली पानं अजून उघडायची आहेत. आता काय करायचं? पानं टाकायची, तेवढी रक्कम भरायची, की आणखी वाढवायची? तीन पत्ती ठाऊक असलेल्यांना ही घालमेल नवी नाही. चाल वाढत जाते आणि ‘पॅक’ म्हणायला जीभ वळत नाही.

या साध्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात जुगाऱ्यांनी, गणितज्ञांनी आणि शेवटी संगणकांनी कित्येक दशकं घालवली. हा इतिहास मांडायचं कारण एवढंच की, ‘पोकर हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे’ असा युक्तिवाद आपल्याकडची तरुण मुलं हल्ली सहज करतात. तो कितपत खरा आहे, हे या एका प्रश्नाच्या आधारे तपासता येतं.

पोकर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स परिसरात आणि मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींवर रुजला. फ्रेंच ‘पोक’ आणि जर्मन ‘पोखेन’ हे त्याचे जवळचे पूर्वज मानले जातात. इराणमधल्या ‘आस-नास’ या खेळातून तो आला, असंही बराच काळ सांगितलं जाई. शाह, बीबी, सरबाज अशी त्याची पानं उर्दू वाचणाऱ्याला लगेच ओळखीची वाटतात. पण आस-नासच्या नियमांची जी लेखी वर्णनं मिळतात, ती पोकर रुळल्यानंतरची आहेत. त्यामुळे अभ्यासक आता हा दावा सहसा मान्य करत नाहीत.

आज ऑनलाइन सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सस होल्डम. टेक्सस राज्यातलं रॉब्सटाउन हे त्याचं जन्मस्थान असल्याचं तिथल्या विधिमंडळानं २००७ मध्ये मान्य केलं. यात प्रत्येकाला दोन झाकलेली पानं मिळतात आणि बोलीची पहिली फेरी होते. मग मधली तीन पानं एकदम उघडतात. त्यांना ‘फ्लॉप’ म्हणतात. आपला प्रश्न आहे तो या फ्लॉपच्या आधीचा. पहिल्या फेरीत दोन खेळाडूंना पानं न बघता ठरावीक रक्कम भरावीच लागते, हे झाले ‘ब्लाइंड’. मोठा ब्लाइंड ही पहिली बेट, त्यावरची रेझ ही दुसरी, आणि रेझवरची रेझ ही तिसरी. म्हणून तिला ‘थ्री-बेट’ म्हणतात. हे नाव मर्यादित रकमेच्या खेळातून आलं. तिथे एका फेरीत किती वेळा वाढवायचं हे ठरलेलं असे, त्यामुळे मोजणी सोपी होती. अमर्याद रकमेच्या खेळात मात्र प्रत्येक वाढ तुमची सगळी पुंजी पणाला लावू शकते.

सुरुवातीच्या काळात या प्रश्नाचं उत्तर धाडसात शोधलं जाई. डॉयल ब्रन्सन हा टेक्ससचा खेळाडू. त्यानं १९७६ आणि १९७७ अशी सलग दोन वर्षं लास वेगासची जागतिक स्पर्धा जिंकली. दोन्ही वेळा अखेरच्या डावात त्याच्या हातात दश्शी आणि दुर्री होती. पुढे ‘सुपर सिस्टम’ या पुस्तकात त्यानं आक्रमक खेळाचा धडा घालून दिला. त्यानंतर डेव्हिड स्क्लान्स्कीनं वेगळी बाजू मांडली. स्वतः रेझ करायला जेवढी चांगली पानं लागतात, त्याहून चांगली पानं दुसऱ्याच्या रेझला उत्तर द्यायला लागतात. कारण समोरच्यानं आपली ताकद आधीच जाहीर केलेली असते. रेझवर रेझ आली की हे अंतर आणखी वाढतं.

हिशेब करून पाहू. ब्लाइंड ५० आणि १०० रुपये आहेत. तुम्ही २५० केले. छोट्या ब्लाइंडनं पानं टाकली, मोठ्या ब्लाइंडनं ९०० केले. मध्ये आता १,२०० रुपये आहेत आणि तुम्हाला ६५० भरायचे आहेत. भरल्यावर एकूण १,८५० होतील. म्हणजे पुढे बोली लागलीच नाही असं धरलं, तर तोटा टाळण्यासाठी शंभरातले साधारण ३५ डाव तुम्ही जिंकायला हवेत. आता समोरच्याच्या बाजूनं बघा. त्यानं ४०० रुपये मिळवण्यासाठी ८०० जास्तीचे लावले. तुम्ही तीनपैकी दोनहून अधिक वेळा पानं टाकत असाल, तर त्याला हातात काय आहे हे बघायचीही गरज नाही. कुठल्याही पानांवर रेझ करून तो फायद्यात राहील. घाबरट माणूस असा हळूहळू लुटला जातो आणि हट्टी माणूस एका झटक्यात.

या हिशेबात तुम्ही आधी टाकलेले २५० रुपये तुमचे म्हणून कुठेच धरलेले नाहीत. ते आता मधल्या ढिगाचे झाले. माणसाला नेमकं हेच पचत नाही. ‘एवढे घातलेत, आता मागे कसं हटू?’ हा विचार पोकरहून फार जुना आहे. महाभारतात द्यूतातून सुटका झाल्यावर युधिष्ठिराला पुन्हा बोलावणं आलं, आणि तो पुन्हा जाऊन बसला.

१९९८ मध्ये पैसे लावून ऑनलाइन पोकर सुरू झाला आणि धाडसाची जागा नोंदवहीनं घेतली. प्रत्येक डाव संगणकात साठू लागला. कोण किती वेळा थ्री-बेट करतो आणि थ्री-बेट आल्यावर किती वेळा पानं टाकतो, याची टक्केवारी पडद्यावर दिसू लागली. पानांच्या मोजणीतले बारकावेही रोजच्या खेळात आले. चार एक्क्यांतून एक्क्यांची जोडी सहा प्रकारे बनते. तुमच्याच हातात एक एक्का असेल, तर समोरच्यासाठी तीनच प्रकार उरतात. म्हणून एकाच रंगाचे एक्का-पंजी घेऊन काही जण थ्री-बेटवर चौथी बेट करतात. ती पानं स्वतः मोठी नसतात, पण समोरच्याकडे मोठी पानं असण्याची शक्यता कमी करतात. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस ऑनलाइन पात्रता फेरीतून लास वेगासला पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. मग जगभरातली मुलं या खेळाकडे धावली.

गणितज्ञ तर त्याआधीच आले होते. जॉन फॉन नॉयमननं १९२८ मध्ये खेळांच्या सिद्धान्तावर निबंध लिहिला. १९४४ मध्ये मॉर्गेनस्टर्नसोबत लिहिलेल्या ग्रंथात त्यानं पोकरचं साधं रूप मांडून दाखवलं की, हलक्या पानांवरही ठरावीक प्रमाणात हूल देणं हा हिशेबाचाच भाग आहे. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या ‘सेफियस’ या प्रोग्रॅमनं दोघांतला मर्यादित होल्डम जवळजवळ पूर्ण सोडवला. त्याची एक गंमत आपल्या प्रश्नाशी थेट जुळते. पहिल्या फेरीत रेझवर रेझ आली, की डीलरला अजून एक शेवटची रेझ करता येते. सेफियस हातात दोन एक्के असतानाही, म्हणजे सर्वांत भारी जोडी असतानाही, ती दहा हजारात एकदाही करत नाही. तो शांतपणे रक्कम भरतो. त्यामुळे त्याची मोठी पानं मध्यम पानांच्या गर्दीत लपून राहतात. दोन वर्षांनी ‘लिब्राटस’नं पिट्सबर्गमध्ये चार व्यावसायिक खेळाडूंना अमर्याद प्रकारात १,२०,००० डावांमध्ये हरवलं.

मग पोकरमध्ये कौशल्य आहे का? आहे, यात वाद उरलेला नाही. पण प्रश्न तिथे संपत नाही. हे कौशल्य काही पिकवत नाही, काही शिवत नाही, कुणाला बरं करत नाही. टेबलावर एकाला जे मिळतं, ते दुसऱ्याच्या खिशातून गेलेलं असतं, आणि चालवणारी कंपनी मधल्या रकमेतून आपला हिस्सा आधीच काढून घेते. म्हणजे सगळ्या खेळाडूंची बेरीज केली तर ती शून्याखालीच येते. जितकं कौशल्य जास्त, तितकी ते नसलेल्याची लूट बिनचूक.

आपल्या कायद्यालाही हे उमगायला वेळ लागला. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यानं निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली होती. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. ऑनलाइन कंपन्या पुढे याच आधारावर उभ्या राहिल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानं मात्र हा भेदच बाजूला ठेवला. पैसे लावायचा खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो बंद.

मुस्लिम वाचकाला हा विचार नवा वाटू नये. इस्लामपूर्व अरबस्तानात ‘मैसिर’ खेळत. बाणांनी वाटे ठरवून उंटाचं मांस जिंकायचं आणि ते गरिबांना वाटून दिलदारीची शान मिरवायची, असं मुफस्सिर सांगतात. कुरआननं त्यातला फायदा नाकारला नाही. सूरह बकरामध्ये लोकांसाठी काही लाभ असल्याचं मान्य करून गुनाह त्याहून मोठा असल्याचं सांगितलं. सूरह माइदामध्ये मनाईची कारणंही दिली : आपसांत वैर आणि द्वेष पेरला जातो, अल्लाहची आठवण आणि नमाज सुटते. या कारणांमध्ये खेळ नशिबाचा की अकलेचा, हा मुद्दाच नाही.

त्यामुळे एखादा मुलगा ‘सर, यात डोकं लागतं’ म्हणाला, तर त्याला खोटं पाडू नका. डोकं लागतंच. त्याला कागदावर वरचा हिशेब करू द्या, सहाचे तीन कसे झाले ते शोधू द्या. तो करता करता त्याला समोरची बाजूही दिसेल : ज्याला हा हिशेब येत नाही आणि जो महिन्याचा पगार घेऊन बसलाय, तो माणूस. त्याचे पैसे जिंकायचे की नाहीत, हा प्रश्न कुठलाही प्रोग्रॅम सोडवून देणार नाही.